दादाची पट्टी

५ मार्च

दादा,

वहिनींनी पाकिटावरचं अक्षर ओळखलं असेल, तुला हाक मारली असेल, आणि तू मान वर न करता "ठेव तिथे" म्हणाला असशील. ठेव तर ठेव. मला घाई नाही. चष्मा सापडेल तेव्हा वाच.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण बासरी फुंकायला गुडघे लागत नाहीत. बातमी अशी, की मी नवीन अल्बम करतेय आणि या वेळी त्यात गाणी आहेत. म्हणजे शब्दांची गाणी, माणसांनी तोंडानं म्हणायची. हसून घे. मी थांबते.

झालं हसून? आता तू म्हणशील, "मला गाणारा लागत नाही" असं भर रस्त्यात ओरडणारी बाई ती हीच का? हीच. पण त्या रात्रीबद्दल माझं मत बदललेलं नाही. तुझ्या दोन कडव्यांमधली माझी एकटीची सोलो लांबली, कारण ती छान चालली होती. चाललेली गोष्ट मध्येच बंद करायला ती काय पाण्याची तोटी आहे? मी डोळे मिटून वाजवते हे तुला माझ्या परकराच्या वयापासून ठाऊक. तू माइकच्या दांड्याला धरून आपल्या कडव्याची वाट बघत होतास, दोनदा खोकलास, हे मला नंतर बेसवाल्यानं सांगितलं. मग तू कोट उचललास आणि लोकांच्या टेबलांमधून वाट काढत चालता झालास. मी डोळे उघडले तर माइकसमोर कुणी नाही आणि पुढच्या टेबलावरची बाई तोंडाला रुमाल लावून हसतेय. सख्ख्या भावानं अशी फजिती करावी?

मी मागोमाग खाली आले, तर रस्त्यावर तू विचारलंस, "तुला गाणारा लागतच नाही, तर मला शोभेला उभं करतेस का?" मी ओरडले, "नाहीच लागत." झालं. तू मंचावर गाणं सोडलंस आणि त्या टोकाच्या गावी शाळेतल्या मुलांना गाणं शिकवायला निघून गेलास. मी एकामागून एक बिनशब्दांचे अल्बम काढले. आपल्या घरात हट्टाची वाटणी तेवढी अगदी सारखी झालीय.

उत्तराची अपेक्षा नाही. पाकिटामागे माझा पत्ता लिहिलाय तो निव्वळ पोस्टाच्या सोयीसाठी.

तुझी (तूच ठेवलेलं नाव)
फुंकणी


२१ मार्च

दादा,

उत्तर आलं नाही, म्हणजे वाचलंस.

मी गाण्यांकडे कशी वळले ते सांगते, नाहीतर तुला वाटायचं की फुंक संपली म्हणून म्हातारी शब्दांच्या आधाराला गेली. तुला आठवत असेल, चाल लक्षात राहावी म्हणून मी तिला खोटे शब्द घालते. घरात जे चाललेलं असेल ते. नळ गळतो, शेजारीण भांडते, असलं काहीही. वाजवताना शब्द मनात, बाहेर नुसते सूर. इतकी वर्षं असंच. हे माझं गुपित आहे असं मला वाटायचं, पण आमच्या रेकॉर्डिंगवाल्यानं पकडलं. त्याला सगळे कानसेन म्हणतात. गालिच्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याचा स्टुडिओ आहे. खालच्या दुकानात न खपलेले गालिचे त्यानं भिंतींना ठोकलेत, त्यामुळे आत गेलं की लोकरीच्या वासानं शिंका येतात आणि शिंकेचाही आवाज गोड येतो.

त्या दिवशी मी बासरी पुसत पुटपुटत होते आणि माइक चालूच होता.

"काय म्हणताय?" काचेपलीकडून कानसेन.

"काही नाही रे. खोटे शब्द."

"पुन्हा म्हणा."

"अरे, चादरी वाळत घातल्याचं आहे. त्यात काय ऐकायचंय?"

"बाई, म्हणा तर खरं."

म्हटलं:

चादरीमागे कोण उभं?
पाय तेवढे दिसतात.
ओळखीचे की परके गं,
वाऱ्यालाच माहीत असतात.

कानसेन काचेपलीकडून उठून बाहेर आला. मग म्हणाला, "हे तुम्ही आजवर आमच्यापासून लपवून ठेवलंत?" मला इतकं बरं वाटलं, की मी त्याच्यावर खेकसले. पण घरी आले आणि जुन्या सगळ्या चालींचे खोटे शब्द आठवून कागदावर उतरवले. तू मला ओळखतोस. स्तुती झाली की मला आवरणं कठीण.

चादरीचं गाणं एक डॉक्टरीण म्हणते. दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना "आ करा" म्हणते आणि संध्याकाळी स्वतः आ करते. आवाज स्वच्छ, आणि जिभेला धार. पहिल्याच तालमीत म्हणाली, "मॅडम, दर चार शब्दांनी तुम्ही थांबता का? मला एवढा श्वास लागतच नाही." मला तोवर कळलंच नव्हतं. बासरीत अर्धा वारा बाहेरच वाया जातो, म्हणून मी सतत श्वास घेते, आणि माझ्या सगळ्या चाली माझ्याच फुप्फुसाच्या मापानं शिवलेल्या. गाणाऱ्याला त्या सगळीकडून आखूड. मी दोन दिवस रुसले. मग बसून एकेक थांबा काढून टाकला. ती आता ओळ अशी लांबवते की बेसवाला तिच्याकडे बघत स्वतःचा श्वास धरून बसतो. हो, तोच बेसवाला. तुझी चौकशी करत होता. मी म्हटलं, मला काय माहीत.

आणखी एक गाणं तयार आहे. शेवटचं मात्र अजून शब्दांवाचून पडलंय. सुचत नाहीत.

फुंकणी


९ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड मिळालं. पुढे दीपस्तंभाचं चित्र, मागे "पट्टी कुठली?" संपलं. ना प्रिय, ना अप्रिय, ना खाली सही. टपालवाला म्हणाला, "चुकून आलं असेल का?" मी म्हटलं, "नाही हो, आमच्याकडे असंच प्रेमानं लिहितात."

ते कार्ड दाराशी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग खिडकीत कुंडीला टेकवून ठेवलं. दोन शब्द वाचायला मला अर्धी सकाळ लागली.

आता कबूल करते. शेवटच्या गाण्याला शब्द आहेत. सुचत नाहीत हे मी तुला गंडवलं. चाल जुनी आहे, बिनशब्दांच्या पहिल्या अल्बममधली तिसरी. तू ऐकली नसशीलच. तिचे खोटे शब्द हे:

दिवे लागले, खेळ पुरे,
हाक घरातून येते रे.
एकदा मारली, दोनदा मारली,
तिसऱ्यांदा मी येते रे.

आई खिडकीतून दोनदा हाक मारायची आणि मग मला पिटाळायची, "जा, त्या तुझ्या भावाला कान धरून आण." मी तुला हाका मारत कोपऱ्यापर्यंत धावत यायचे. तुझा कान माझ्या हाताला पुरायचा नाही, म्हणून सदरा धरायचे.

हे गाणं मी आधी घोषणावाल्याला दिलं. हा आमचा दुसरा गायक. बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करतो. आवाज असा की गाडी चुकलेल्यांनाही बरं वाटावं. उशिरा येणाऱ्या गाड्यांवरचं गाणं त्यानं झकास म्हटलंय. पण तो "हाक घरातून येते रे" म्हणाला की ऐकणारा उठून सामान उचलेल असं वाटतं. मग डॉक्टरणीला दिलं. तिनं गोड म्हटलं. फारच गोड. लहान बहिणी गोड असतात असा तिचा समज आहे, तिला भाऊ नाही.

हे तू म्हणायचंस. झालं, विचारलं. एवढं विचारायला मला दोन पत्रं आणि दोन गायक लागले.

पट्टी माझ्या बासरीच्या सोयीची आहे. नेहमीचीच.

फुंकणी


२ मे

दादा,

चार पानं! पहिली अडीच पानं मला झाडण्यात गेली तरी चार पानं ती चार पानं. आधी तुझे मुद्दे घेते.

तू म्हणतोस, मुलांवर ओरडून ओरडून आवाज खाली बसलाय, वरचा मजला कधीच रिकामा केला, आता मी तळघरात राहतो, तुझ्या पट्टीत मला गाता येणार नाही. मान्य. सगळ्यांचंच काही ना काही खाली आलंय.

तू म्हणतोस, "हाक मारणारी तू, आणि गाणार मी? मी काय परकर नेसून उभा राहू? गाणारा हाक मारतोय की ऐकतोय हे आधी ठरव." बरोबर आहे. माझ्या डोक्यातच आलं नाही. हाक मारताना समोरच्याचं काय चाललं असेल याचा मी विचारच केला नव्हता. सदरा धरायचा आणि ओढत आणायचं एवढंच माझं काम.

आणि मग चौथ्या पानाच्या मागे तू हे लिहिलंस:

एकदा ऐकली, दोनदा ऐकली,
मुद्दाम मागे वळलो नाही.
तिसऱ्यांदा तू येशील म्हणून
कोपऱ्यावरून हललो नाही.

दादा, मी हे स्टुडिओच्या जिन्यात वाचलं आणि तिथेच पायरीवर बसून रडले. गालिचेवाला वर आला, त्याला वाटलं पडले. त्यानं पाणी आणलं, खुर्ची आणली, "हाड तर नाही ना मोडलं?" विचारलं. मी नुसती मान हलवत राहिले. मला वाटायचं, तुला हाक ऐकूच यायची नाही. खेळात दंग असायचास असं मी आयुष्यभर धरून चालले. तू थांबलेला असायचास हे आज कळलं, साठी उलटल्यावर.

आणि वहिनींनी समासात बारीक अक्षरात जे लिहिलंय ते तू पाकीट बंद करायच्या आधी पाहिलं नाहीस वाटतं. "तुमचे सगळे अल्बम घरात आहेत. पहिल्यातली तिसरी चाल जास्त लागते. मी सांगितलं असं म्हणू नका." तर मी म्हणत नाही. वहिनींना माझा नमस्कार सांग आणि कारण विचारू नकोस.

गाणं आता दोघांचं झालं. आधी माझं कडवं, मग तुझं. दोन्ही तू म्हणायची. तुला कुठली पट्टी झेपते ते कळव, मी बघते.

फुंकणी


२० मे

दादा,

वाईट बातमी आधी. तू कळवलेल्या पट्टीत बसवून पाहिलं. तुला ती बरोबर बसेल, बेसवाला तर खूष आहे, त्याचं लाकूड तिथे छान घुमतं. पण मला बसत नाही. बासरीला तळ असतो. त्याखाली फुंकलं की नुसता वारा. आणि ही चाल मुळात खालच्या, घोगऱ्या सुरांची. पहिल्याच ओळीत मी तळाला लागते आणि "येते रे"ला तर जमिनीखालीच जाते.

एक सप्तक वर नेऊन पाहिलं. चहाचं आधण ठेवून विसरल्यासारखं वाजलं. मोठी बासरी उसनी आणली, तिला हे सूर आहेत, पण तिचं वजन माझ्या मनगटाला पेलत नाही. दोन ओळी वाजवून खाली ठेवली.

कानसेन म्हणाला, "त्यांचा आवाज आपण यंत्रावर वर चढवू. कळणारही नाही." मी म्हटलं, माझ्या भावाला स्टुलावर उभं करायची गरज नाही. मग तो म्हणाला, "मग दुसरा गायक घ्या. बाई, मी स्पष्ट बोलतो. अल्बम बासरीचा आहे. लोक तुमच्यासाठी घेणार. शेवटच्या गाण्यात तुम्हीच नसाल, तर ते ऐकतील काय?"

मी घरी आले. एक दिवस गेला, दोन गेले. खरं सांगू? मला राग आला. तुझा नाही, कुणाचा तेही कळेना. ती चाल माझी सगळ्यात आवडती आहे. अल्बमचा शेवट तिच्यावर व्हावा म्हणून बाकीच्या चाली मी तिच्या पुढे रांगेत उभ्या केल्या, आणि आता मलाच तिथे जागा नाही. बेसवाला भेटायला आला. बशीत ओतून चहा प्यायला, आणि जाताना एवढंच म्हणाला, "तुम्हाला ते गाणं वाजवायचंय, की ऐकायचंय?"

ऐकायचंय, दादा. फार ऐकायचंय.

पट्टी तुझी. बासरी नाही. तू, बेसवाला आणि ड्रमवर ब्रश फिरवायला आमचा ताशेवाला, बास. कानसेनला सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला, पण तारीख दिली. अकरा जून, सकाळी. आदल्या दिवशी ये. वहिनींना घेऊन ये. मधल्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतलाय, गादीला ऊन दाखवलंय. तू नाहीच आलास तर गाणं काढून टाकीन. दुसऱ्या कुणाला देणार नाही. ही धमकी नाही, नुसतं सांगतेय.

फुंकणी


३० जून

दादा,

तू स्वतः इथे होतास, तरी हे लिहितेय. काही गोष्टी तुला काचेपलीकडून दिसल्या नसतील, आणि काही तू गाडीत बसल्यावर घडल्या.

तू दारात उभा राहिलास तेव्हा मी काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. तू म्हणालास, "जाड झालीस." मी म्हटलं, "तुझे केस कुठे गेले?" आणि वहिनी म्हणाल्या, "चला, झालं एकदाचं बोलून," आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. पाठ केलेलं सगळं वाया गेलं. तुला कळलं असेल अशी माझी समजूत आहे. माझ्यापुरतं सांगते, मी माफी मागणार नाही, तूही मागू नकोस. सोलो चांगली होती आणि तू निघून गेलास तेही बरोबरच होतं. दोन्ही राहू देत.

आता त्या सकाळचं. तुझा आवाज. दादा, तो खाली बसलेला नाही. खाली जाऊन स्थिरावलाय. "दिवे लागले" म्हणालास आणि गालिचेवाला, जो वर उगाचच पंखा बघायचं निमित्त काढून आला होता, तो शिडीवरच थांबला. मी बेसवाल्याच्या बाजूला स्टुलावर बसले होते. मांडीवर बासरी होती, सवयीनं. ती घेतल्याशिवाय मला हाताचं काय करायचं ते कळत नाही.

माझं कडवं संपलं. ठरलं होतं तसं तू लगेच तुझं उचलायचंस. तू उचललं नाहीस. बेसवाल्यानं चालीची एक फेरी वाजवली, दुसरी वाजवली, ब्रश चालू. मला वाटलं विसरलास. वर बघितलं तर तू माझ्याकडे बघतोयस आणि हातानं खूण करतोयस, वाजव, ही तुझ्या सोलोची जागा आहे. मी मान हलवली, नाही, तू. तू पुन्हा, तू. मी पुन्हा, तू. बेसवाला बिचारा आळीपाळीनं दोघांकडे बघत वाजवत राहतोय, ना थांबता येत ना कुठे पोचता येत. ताशेवाल्यानं तर डोळेच वर केले. आणि तुझा चेहरा असा होता, अगदी हट्टी, सदरा धरला की करायचास तसा, की मला हसू फुटलं. दाबलं, तर जास्तच फुटलं. बेसच्या माइकनं ते सगळं टिपलं. आणि ते ऐकून तू गायला लागलास, हसू आवरत आवरत, "एकदा ऐकली" म्हणताना आवाज हलतोय.

नंतर आपण ते पुन्हा केलं, नीट, न थांबता, न हसता. तू म्हणालास, हे छान झालं, हेच ठेवा. आणि गाडी गाठायला निघालास.

चार दिवसांनी कानसेननं मला बोलावून दोन्ही ऐकवली. दुसरं खरंच छान झालंय. एकही सूर इकडचा तिकडे नाही. पाहुणे आलेल्या घरासारखं, सगळं आवरलेलं. मग पहिलं लावलं. कानसेन म्हणाला, "गाणं हेच खरं, पण मधला तो गोंधळ मी कापतो. हसण्यासकट. जोड कळणार नाही, माझी खात्री."

मी म्हटलं, "पुन्हा लाव."

लावलं. माझं कडवं संपतं, आणि मग कुणीच नाही. तू गात नाहीस, मी वाजवत नाही. बेस आपला चालतोय. केवढा वेळ जातो, दादा! तिथे बसल्यावर कळलं नव्हतं. ती चाल नाही, तरी वरच्या सुरांत मला त्या जागेत काय काय वाजवता आलं असतं ते ऐकू येत होतं, बोटंसुद्धा हलली. आणि तरी मला ती जागा तशीच हवी होती. मला फार सुख झालं. दुसरा शब्द नाही त्याला.

"नाही कापायचं," मी म्हटलं.

"बाई, लोक म्हणतील चूक राहिली."

"म्हणू देत."

त्यानं पुढे वाद घातला नाही. फक्त वेष्टणावर काय छापायचं ते विचारलं. गायन, तुझं नाव. बेस, बेसवाला. ब्रश, ताशेवाला. शब्द, आपण दोघं. मग पेन वर धरून थांबला. "आणि तुम्ही? अल्बम तुमचा, आणि शेवटच्या गाण्यात तुमच्या नावापुढे रिकामं कसं सोडू?" मी म्हटलं, सोड. तो सोडायला तयार नव्हता. शेवटी त्यानं "उपस्थित" असं लिहिलं, आणि मी ते राहू दिलं.

सोबत अल्बम आहे. तुझ्या शाळेतल्या मुलांना ऐकवशील तेव्हा त्या जागी ती नक्की विचारतील, सर, इथे कोण चुकलं? त्यांना सांग, कुणी नाही. दोघंही एकमेकांना 'आधी तू' म्हणत होते.

तुझी
फुंकणी